वजाबाकी कोणी करायची?

आमच्या दहिवली-कर्जतकडे दिवसा घरोघर म्हातारी माणसेच दिसतात. कर्ती पोरे पहाटेच्या लोकलने मुंबई-कल्याणकडे जातात ती रात्री परततात. काहींनी तिकडेच बिऱ्हाड केले. मागे राहतात आजी, आजोबा आणि फळीवरची एक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या. साखरेसाठी एका डॉक्टरांनी दिलेल्या, हृदयासाठी दुसऱ्यांनी, गुडघ्यासाठी शेजाऱ्याने सुचविलेल्या, झोपेसाठी मागे कधीतरी सुरू झालेल्या. प्रत्येकाने भर घातली, काढले कोणीच नाही. बेरीज करणारे चार आणि वजाबाकी करणारा नाही. हे कर्तव्य कोणाचे? मला हा नुसता वैद्यकाचा प्रश्न वाटत नाही, धर्माचा वाटतो.

मीमांसा शिकताना गुरुजी एक गोष्ट पक्की करून घेत. प्रत्येक विधी आपल्या प्रकरणात प्रमाण असतो; परंतु दोन विधी एकाच ठिकाणी आदळले म्हणजे दोन्ही करायचे, की एक निवडायचा, की एकाने दुसऱ्याचा बाध होतो, याचा निर्णय आधी करावा लागतो. औषधाचे तसेच आहे. रक्तदाबाची गोळी आपल्या जागी बरोबर, लघवी वाढविणारी बरोबर, दुखण्यावरचीही चार दिवस बरोबर. पण रक्तदाबाच्या काही गोळ्या अशा आहेत, की या तिन्ही एकाच म्हाताऱ्या देहात भेटल्या म्हणजे आधीच थकलेल्या मूत्रपिंडावर घाला पडतो. तिघेही देणारे निर्दोष, आणि आजोबा रुग्णालयात!

याहून मौजेचा (मौज कसली म्हणा!) प्रकार सांगतो. ॲम्लोडिपिन नावाचे रक्तदाबाचे औषध आहे. त्याने काहींचे पाय सुजतात. सूज पाहून दुसरा कोणी लघवीची गोळी देतो. मग आजी रात्री चार वेळा उठते, अंधारात पडवीतून जाताना भोवळ येऊन पडते, मांडीचे हाड मोडते. औषधाच्या गुणाला रोग समजून त्यावर पुन्हा औषध! हेच ॲम्लोडिपिन दोन कंपन्यांच्या दोन नावांनी एकाच पिशवीत असले, तर अक्षरे न लागणाऱ्या आजीला ते कळावे कसे?

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, द्रव्य, शुश्रूषा करणारा आणि रोगी. पूर्वी द्रव्य जाणणारा वैद्यच असे. आता द्रव्य जाणणारा वेगळा माणूस झाला आहे, तो म्हणजे फार्मासिस्ट. आपण त्याला दुकानदार म्हणून मोकळे होतो. परंतु 1948 च्या फार्मसी कायद्याखाली 2015 साली जे नियम झाले, त्यांत त्याला स्पष्ट काम सांगितले आहे: चिठ्ठी तपासावी, एकच औषध दोनदा आले आहे काय, एकाचे दुसऱ्याशी वैर आहे काय, मात्रा चुकली आहे काय हे पाहावे आणि रोग्याला समजावून सांगावे. नियम चांगला. पण दुकानात आजोबा येतातच कुठे? येतो नातू, मोबाइलमध्ये रिकाम्या पट्टीचा फोटो घेऊन. पट्टी मिळते, नातू जातो. पिशवी फळीवरच राहते.

म्हणून तपासणाऱ्यानेच घरी जावे हे उचित. ऑस्ट्रेलियात 2001 पासून तशी सोय आहे: डॉक्टरांनी सांगितल्यावर फार्मासिस्ट घरी जाऊन सारी औषधे पाहतो, डॉक्टरांना लिहून कळवितो आणि त्याचा मोबदला सरकार देते. अमेरिकेतील बीअर्स नावाच्या डॉक्टरांनी 1991 साली वृद्धांना जपून द्यावयाच्या औषधांची यादीच केली; ती अजूनही सुधारत असते.

येथे कोणी शंका घेईल, ‘वैद्यावर श्रद्धा ठेवावी की विक्रेत्याने त्याच्या चुका काढाव्यात?’ पण फार्मासिस्टाने काही बंद करायचेच नाही. त्याने दाखवायचे, ठरवायचे डॉक्टरांनी. जाणणाऱ्याने पाहून गप्प बसणे याला मी तरी श्रद्धा म्हणणार नाही. दुसरी शंका अधिक खरी आहे. ज्याचे पोट विक्रीवर, त्याने विक्री कमी करण्याचा सल्ला फुकट द्यावा, ही अपेक्षा न्याय्य आहे काय? नाही. म्हणून मला वाटते, सरकारी रुग्णालयातील औषधनिर्माण अधिकाऱ्याला हे काम द्यावे. त्याचा पगार गोळ्यांच्या खपावर नाही. आशाताई किंवा परिचारिका घरी जातातच. त्यांनी पिशवीतल्या साऱ्याची यादी त्याच्यापर्यंत न्यावी, आणि जिथे गुंता दिसेल तिथे त्याने स्वतः जावे.

आपल्या मंडळींसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो, कारण डॉक्टर त्या विचारीत नाहीत आणि आपण सांगत नाही. एकादशीला पोटात काही नसताना साखरेच्या काही गोळ्या घेतल्या, तर साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. वारीत उन्हातान्हाचे चालताना अंगातले पाणी आटते आणि वर लघवीची गोळी चालूच असते. तेव्हा उपवासाला व वाटचालीला निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने मात्र काही सोडू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या, फिटच्या गोळ्या, स्टिरॉइड एकदम बंद केले तर जीवावर बेतते.

आणि ज्याच्यासाठी हे सारे, त्यालाच कोणी विचारीत नाही. एखादी आजी गोळी पदरात लपवून मोरीत टाकते. मुलगा रागावतो. पण ‘ही घेतली की मला गरगरते गं’ हे तिचे म्हणणे यादीत लिहिले गेले पाहिजे. कित्येकदा गुंत्याचे टोक तिथेच सापडते.

यादीत चूर्णे, काढे, डोळ्यांचे थेंबसुद्धा घालावेत. आम्हा कीर्तनकारांच्या पिशवीत गळ्यासाठी ज्येष्ठमध असतोच. तो रोज पुष्कळ चघळला तर रक्तदाब वाढतो आणि अंगातले पोटॅशियम उतरते. तो औषध नाही असे समजून कोणी सांगत नाही, तोही सांगावा.