वाचनाची खतावणी

बलिप्रतिपदेला व्यापारी नव्या वहीची पूजा करतो. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतो, ‘श्री’ लिहितो आणि मग वर्षभराच्या देण्याघेण्याला त्या वहीत जागा देतो. आता सरकारदरबारी हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि आकडेमोड संगणक करतो. तरी वहीची पूजा सुटलेली नाही. जे मिळाले आणि जे द्यावयाचे राहिले त्याचा विसर पडू नये, हीच त्या पूजेमागील भावना असावी. मग सहज मनात येते, माणसाने आपल्या वाचनाचीही अशी वही ठेवावी काय?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. वाचनाची नोंद ठेवणारी थोर माणसे होऊन गेली आहेत. डार्विनने १८३८ ते १८६० या काळात अशा वह्या ठेवल्या; वाचावयाची पुस्तके निराळी, वाचलेली निराळी. गांधीजी १९२२ ते १९२४ येरवड्याच्या तुरुंगात होते. तेथील त्यांच्या रोजनिशीत वाचलेल्या पुस्तकांची नावे आढळतात. एक निसर्गाचे कोडे सोडवीत होता, दुसरा कैदेतील दिवस सार्थकी लावीत होता. यादी हे दोघांचेही साधन होते, साध्य नव्हते.

साधनाचे साध्य झाले की घोटाळा सुरू होतो. ‘यंदा पन्नास पुस्तके वाचणार’ असा संकल्प कोणी सोडला, तर त्यात वावगे काय? वावगे एवढेच, की त्या दिवसापासून हात आपोआप बारीक पुस्तकांकडे वळू लागतो. सहाशे पानांचा ग्रंथ नकोसा होतो, कारण तोही यादीत एकच ओळ देतो. आवडलेले पान पुन्हा वाचणे ही उधळपट्टी वाटू लागते. आणि अर्धवट चाळलेल्या पुस्तकापुढे ‘वाचले’ असे लिहिताना लेखणी जराशी अडखळते, पण थांबत नाही. आपली वही आपल्याखेरीज कोणी तपासणार नसते. म्हणूनच तिच्यात खोटे लिहिण्याचा मोह मोठा, आणि त्यातली फसवणूकही अधिक केविलवाणी.

वाचन मोजण्याची रीत आपल्याकडे काही आजची नव्हे. ज्ञानेश्वरीची पारायणे किती झाली, हे घरातील वडीलधारी माणसे अभिमानाने सांगत. गुरुचरित्राचा सप्ताह तर सात दिवसांच्या मापानेच बांधलेला. त्यातही नुसते ओठ हलविणारे असतच. परंतु त्या मोजणीत ग्रंथ तोच राही आणि वाचणारा दरवेळी थोडा पालटलेला असे. आजच्या मोजणीत पुस्तक दरवेळी नवे असते. वाचणारा मात्र तोच राहिला, तर त्या मोजणीतून हाती काय लागले?

शाळेच्या ग्रंथालयातील नोंदवहीत पुस्तकाचे नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख आणि सही एवढेच रकाने असतात. एका मुलाच्या नावापुढे ‘श्यामची आई’ तिसऱ्यांदा आलेले पाहून मी त्याला विचारले, “अरे, हे तुझं वाचून झालंय ना?” तो म्हणाला, “वाचून झालंय सर, पण संपलं नाही.” या उत्तरासाठी त्या वहीत रकाना नाही. असावयास हवा होता.

व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन वह्या असतात. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार जसा घडला तसा उतरतो. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो, आणि कोणाचे किती देणे आहे ते तेथे कळते. आपण वाचनाची रोजकीर्द ठेवतो आणि खतावणी घालावयाची विसरतो. अमुक कादंबरी अमुक तारखेला संपली, ही झाली कीर्द. तिच्यामुळे शेजारच्या अबोल म्हातारीकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो, ही खतावणी.

आपल्या पूर्वजांनी माणसाच्या जन्मजात ऋणांत ऋषिऋण सांगितले आणि ते अध्ययनाने फेडावे असे म्हटले. मला वाटते, अध्ययनाने ऋण फिटते तसे नवे चढतेही. चांगले पुस्तक मिटताना काहीतरी मागत असते: थोडा धीर, थोडी क्षमा, कधी एखादा मोडलेला संबंध पुन्हा जोडण्याची तयारी. ते न देता पुढचे पुस्तक उघडणे म्हणजे एक देणे थकवून दुसऱ्या दुकानी उधारी मांडणे होय.

म्हणून वही जरूर ठेवावी. पण ती सावकाराची नसावी, ऋणकोची असावी. यंदा पाडव्याला घरातील प्रत्येकाने एक पान घ्यावे आणि सरत्या वर्षातील एकाच पुस्तकाचे नाव लिहून त्यापुढे त्याचे आपल्याकडे काय येणे आहे ते मांडावे. पान रिकामे राहिले तरी हरकत नाही. आणि हा दिवाळी अंक यादीत धरावा की नाही, ते फराळ आटोपल्यावर ठरवावे.