डोळ्यांची साक्ष

माझा एक जुना विद्यार्थी लघुचित्रपटांतील दृश्यपरिणामांची देखरेख करतो. मध्यंतरीं त्याचें काम पाहण्याचा योग आला. बंद दालनांत सूक्ष्म दिव्यांची एक प्रचंड भिंत उभी होती. तिच्यावर दुष्काळी माळ आणि त्यांत एक कोरडी विहीर. कॅमेरा सरके तसतसा तो माळही खऱ्या देखाव्याप्रमाणें आपला कोन बदलीत असे, आणि भिंतीचा तांबूस उजेड नटीच्या चेहऱ्यावर पडे. क्षितिज किती उंच असावें, उन्हाचा रंग कोणता, भिंतीवरील ठिपक्यांची जाळी चित्रांत उमटते कीं काय, हें सारें तो बारकाईनें पाहत होता.

पुढें तो बारा मिनिटांचा चित्रपट थोड्या मंडळींपुढें दाखविण्यांत आला. तो संपतांच एका वृद्ध बाईंनीं विचारलें, "ही विहीर कोणत्या गांवची? तेथें कांहीं मदत पाठवितां येईल काय?" विद्यार्थी निरुत्तर झाला. ती विहीर कोठेंच नव्हती. त्या रात्रीं त्यानें मला प्रश्न केला, "सर, मी खोटें बोललों काय?"

कोणी म्हणेल, कलेंत खरेंखोटें कसलें? दादासाहेब फाळक्यांनीं १९१७ सालीं 'लंकादहन' दाखविलें, तेव्हां जळलेल्या लंकेचा पंचनामा कोणी मागितला नाहीं. हें खरें. त्याच फाळक्यांनीं १९१२ मध्यें 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. ठराविक अंतरानें टिपलेलीं चित्रें सलग दाखविल्यामुळें वाटाण्याची अनेक दिवसांची वाढ क्षणांत झालेली दिसे. तेथें काळ खोटा, पण रोप खरें. लंकेच्या बाबतींत प्रेक्षक भ्रमाला राजीखुषीनें संमति देतो. रोपाच्या बाबतींत भ्रमच सत्य दाखवितो. विहिरीचें काय?

वेदान्तांतील रज्जुसर्पाच्या दृष्टान्तांत साप खोटा असला तरी दोरी खरी असते, आणि दिवा आणला कीं भ्रम जातो. येथें दोरीच नाहीं, आणि भ्रम निर्माण करतो तो दिवाच!

तरीही मीं त्याला खोटा ठरविलें नाहीं. कादंबरीकाराचें गांवही नकाशावर नसतें. पण कादंबरी वाचून कोणी मनिऑर्डरीसाठीं पत्ता विचारीत नाहीं. छायाचित्रानें मात्र शंभरांहून अधिक वर्षें 'हें असें होतें' अशी साक्ष दिली आहे, आणि त्या पतीवर ही भिंत उधारी करते. उधारी करणें हें पाप नव्हे, ती लपविणें हें पाप. माझी कसोटी साधी आहे: प्रेक्षक जो भ्रम धरून रडतो, त्यावर कलेचा हक्क आहे, जो भ्रम धरून तो हात पुढें करतो, तो दूर करणें हें कलावंताचें ऋण आहे.

विद्यार्थ्यानें आग्रह धरून शेवटीं एक ओळ घातली: 'ही विहीर कल्पित आहे.' परिणाम उणावतो, अशी दिग्दर्शकाची तक्रार. थोडा उणावत असेलही. परंतु ती ओळ वाचून त्या बाई एखाद्या खऱ्या कोरड्या विहिरीची चौकशी करूं लागल्या, तर परिणाम वाढला असेंच मी समजेन.