सभासदाचा वाटा

एखादे दुष्कृत्य अनेकांच्या समक्ष घडते, त्यात प्रत्यक्ष हात एक-दोघांचाच असतो आणि बाकीचे सारे केवळ उपस्थित असतात, तेव्हा त्या कृत्याचे पाप कोणाच्या माथी यावे, हा प्रश्न धर्मशास्त्राला जितका जुना, तितकाच तो गावच्या चावडीला, संस्थांच्या कार्यकारी मंडळांना आणि घरोघरच्या बैठकींना रोजचा आहे. एकटा असताना मुंगीवरही पाय पडू नये म्हणून जपणारा मनुष्य समुदायात बसला म्हणजे डोळ्यांदेखत चाललेला अन्याय मुकाट्याने पाहतो, आणि घरी परतल्यावर ‘मी एकटा काय करणार होतो?’ एवढ्या एका प्रश्नावर आपली सुटका करून घेतो. ही सुटका खरी आहे काय, याचा निवाडा महाभारतकारांनी सभापर्वात दिलेला आहे.

कौरवांच्या त्या द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न कोणत्याही न्यायासनापुढे शोभावा असा नेमका होता: जो स्वतःला आधीच हरून बसला, त्याला मागाहून पत्नीस पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून उत्तर टाळले. द्रोण आणि कृप बोललेच नाहीत. ही माणसे दुष्ट नव्हती; परंतु राजाश्रयाचे मिंधेपण आणि ज्येष्ठच बोलत नाहीत तर आपण कोण, हा संकोच, या दोहोंनी त्यांची विद्या निरुपयोगी करून टाकली. अशा वेळी धृतराष्ट्राचाच एक धाकटा पुत्र विकर्ण हात चोळीत, सुस्कारे टाकीत उठला आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. त्यावर सभेत मोठा कोलाहल होऊन सभासदांनी विकर्णाची वाहवा केली आणि शकुनीची निंदा केली, असे व्यासांनी नमूद केले आहे. म्हणजे सत्य त्या सर्वांना ठाऊक होते, फक्त ते प्रथम उच्चारणारा कोणी हवा होता. परंतु कर्णाने संतापून विकर्णाला पोरकट ठरवताच तीच सभा पुन्हा गप्प झाली आणि वस्त्रहरणाचा हुकूम सुटला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1951च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत याच स्वभावाचे माप घेतले गेले. रेषांची लांबी ताडण्याच्या अगदी सोप्या कामातही, भोवतालच्या सर्वांनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले असता, सुमारे एकतृतीयांश वेळा माणसांनी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून त्यांची री ओढली. मात्र खरे बोलणारा एक जरी सोबती मिळाला तरी हे प्रमाण फार खाली आले. पहिल्या विकर्णाला दुसरा विकर्ण मिळाला असता तर काय घडले असते, याची कल्पना यावरून करता येते.

सभा स्तब्ध झाल्यावर विदुराने तिला एक जुनी कथा ऐकवली. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि अंगिरसाचा पुत्र सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद प्राण पणाला लावून झाला, आणि निवाडा प्रल्हादाकडे आला. पुत्रस्नेहाने कचरलेल्या प्रल्हादाने कश्यपाला विचारले की, जाणूनबुजून खरे न सांगणाऱ्याची गती काय? कश्यपाने पापाची वाटणीच सांगितली: जेथे निंद्य कृत्याची निंदा होत नाही, तेथे अर्धे पाप सभेच्या प्रमुखाकडे जाते, चौथाई करणाऱ्याकडे, आणि उरलेली चौथाई गप्प बसलेल्या सभासदांकडे. निंदा झाली तर मात्र प्रमुख आणि सभासद मुक्त होतात आणि सारा भार कर्त्यावर पडतो. प्रल्हादाने पुत्राविरुद्ध निकाल दिला. विदुराचे हे बोलणे ऐकूनही राजे काही बोलले नाहीत, असे व्यास पुढे सांगतात.

या वाटणीतील मर्म असे की, पाहणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून कर्तव्य विरळ होत नाही, आणि सभासदाने दुष्टांना जिंकलेच पाहिजे असेही तिचे म्हणणे नाही; त्याच्याकडून ती केवळ शब्दाची अपेक्षा करते.

समुदायाचा दाब शस्त्रानेच पडतो असे नाही. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून रानडे, टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, झाले. असे ग्रामण्य झालेल्या घरी श्राद्धाला भटजी मिळत नसे आणि लेकीबाळींचे माहेरी येणेजाणे बंद होई. म्हणजे दंड ठोठावला जाई तो पुरुषाच्या मतावर, आणि वसूल होई तो घरातल्या वृद्धांकडून आणि बायकामुलांकडून. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या धीराच्या पुरुषानेही अखेर 1892 मध्ये, बरोबरच्या मंडळींची अडचण पाहून, प्रायश्चित्त घेतले. त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या सहस्रावधी लोकांना हा बहिष्कार मनातून मान्य नव्हता आणि तरीही जे तो पाळीत राहिले, त्यांच्या मौनाचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

म्हणून समाज सोडून अरण्यात जावे काय? तसे नव्हे. जी शक्ती सभेला मुकी करते, तीच पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणून त्याच्या पाया पडायला लावते आणि घरी कधी न दिसलेली नम्रता दिंडीत सहज घडवून आणते. सत्संगाचा महिमा संतांनी वारंवार गाइला, तो मनुष्याचे शील एकट्याने घडत नाही हे जाणूनच. शील घडवण्यात समुदायाचा वाटा मोठा आहे, हे निर्विवाद. पण त्यामुळे जबाबदारीतील आपला वाटा कमी होत नाही.

सामाजिक बहिष्काराला अपराध ठरवणारा कायदा महाराष्ट्राने 2016 साली संमत केला आणि 2017च्या जुलैत तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद त्यात आहे. परंतु फिर्याद करायला आणि साक्ष द्यायला गावातून कोणी उभेच राहिले नाही, तर कायद्याची कलमे कागदावरच राहतील. वाचकहो, जातपंचायतीत, मंडळाच्या बैठकीत किंवा स्वतःच्या ओसरीवर अन्यायाचा शब्द निघेल, तेव्हा कोणीतरी बोलेल म्हणून थांबू नका. आपल्या वाट्याची चौथाई नाकारण्याचा मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे त्याच सभेत, त्याच वेळी, ‘हे योग्य नाही’ असे उठून सांगणे.