रिपोर्ट नॉर्मल आल्यावर

कोविडच्या काळात ‘सीआरपी किती आला?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जात होता. शरीरात दाह उसळला की यकृत हे प्रथिन रक्तात सोडते आणि काही तासांतच त्याचा आकडा चढू लागतो. दाह आहे एवढे तो सांगतो. कुठे आहे ते सांगत नाही.

मज्जातंतूंना इजा झाली असेल, तर त्याचीही खूण रक्तात सापडते. या तंतूंना आतून आधार देणारे ‘न्यूरोफिलामेंट लाइट’ नावाचे प्रथिन असते. तंतूला इजा झाली की ते मेंदूभोवतीच्या द्रवात झिरपते आणि तिथून अगदी थोडे रक्तात उतरते. मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम! पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढेसे प्रथिनही आज मोजता येते.

स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी कोविडच्या १०० रुग्णांमध्ये अशा खुणा तपासल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजार गंभीर होता त्यांच्यात हे प्रथिन वाढलेले होते. सहा महिन्यांनंतर ते पूर्ववत झाले. पण निम्म्या रुग्णांचा थकवा, विसर पडणे, लक्ष न लागणे मात्र सुरूच होते. सुरुवातीला आकडा किती चढला होता, याचाही त्या त्रासाशी मेळ बसला नाही.

इथे थांबून विचार करावासा वाटतो. आकडा खोटा नव्हता आणि माणसेही खोटे बोलत नव्हती. आकडा खाली आला म्हणजे तंतूंची पडझड थांबली, ही मोठ्या दिलाशाची गोष्ट. पण त्रासाची सगळीच कारणे त्या एका प्रथिनात मावत नाहीत.

आपण मात्र फाइल मिटतो आणि म्हणतो, ‘सगळं नॉर्मल आहे, आता कामाला लाग.’ एकच बेरीज तीनदा करूनही जिची खात्री पटत नाही, जिना चढून आल्यावर जी पायरीवरच बसून राहते, तिला मग ‘मनाचे खेळ’ हेही ऐकावे लागते. आजारापेक्षा हा अविश्वास तिला जास्त थकवतो.

तपासण्या जरूर कराव्यात, त्यांचे ऐकावे. पण घरातले कुणी ‘अजून बरं वाटत नाही’ म्हणाले, तर कागद दाखवून त्याला गप्प करू नका. आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.