घटीमागचे बंध

देवळा तालुक्यात उन्हाळ कांदा चाळीत गेला की घटीचा हिशोब आलाच. सड आणि कोंब यांचं नुकसान वेगळं. पण एकही कांदा खराब झाला नाही तरी वजन उतरतं. कांद्यात शेकडा ८५च्या आसपास किंवा जास्तच पाणी असतं, आणि ते हळूहळू उडून जातं. उडताना त्यातलं नेमकं तुटतं काय?

पाण्याचा रेणू तुटत नाही. त्यातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोजूल लागतात. वैशाखातल्या उन्हाची ती ताकद नव्हे. तुटतो तो दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध, जेमतेम २० किलोजूलचा. एका रेणूच्या हायड्रोजनला शेजारच्या ऑक्सिजनची असलेली ही ओढ.

द्रव पाण्यात असा बंध सेकंदाचा साधारण लाख कोटीवा भाग टिकतो. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते त्याचं तुटणं. रेणू आधी सुटतो आणि मग नवा जोडीदार शोधतो, असं बहुधा होत नाही. दामियाँ लाज आणि जेम्स हाइन्स यांनी २००६ साली संगणकीय अभ्यासातून दाखवलं, की तिसरा रेणू आधी जवळ येतो, आणि हायड्रोजन एका झेपेत जुन्याकडून नव्याकडे वळतो. तुटणं आणि जुळणं ही एकच हालचाल असते.

म्हणूनच भर दुपारी डाळिंबाच्या झाडात पाणी चढतं. पानांतून वाफ निघते आणि खालची सगळी धार वर ओढली जाते. त्या धारेतला एकही बंध टिकाऊ नाही, तरी ती अखंड राहते, कारण कोणत्याही क्षणी बहुतेक बंध जुळलेलेच असतात. जमीन फारच कोरडी पडली तर ताण वाढून झाडातल्या पाणी वाहणाऱ्या नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि तेवढी वाट बंद होते. टिकाऊपणा म्हणजे न तुटणं, ही आपली समजूत इथे अपुरी पडते. हे बंध पक्के असते तर पाणी वाहिलंच नसतं.

या बंधांचं बळ मोजणं मात्र अवघड. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या रेणूसमूहाचे एकमेकांवर येणारे तुकडे करून गणित मांडण्याची पद्धत विकसित केली. तिने पाण्याच्या समूहातल्या एकेका बंधाची ऊर्जा काढता येते. ती सगळीकडे सारखी नसते. शेजारी किती बंध जुळलेत, त्यावर ती कमीजास्त होते.