रेणुकेचे पाच मुलगे

नगर-पुणे रस्त्यालगतचे केडगाव आता अहिल्यानगर महापालिकेच्या हद्दीत आले असले, तरी पंचक्रोशीत त्याची ओळख आजही रेणुकामातेचे ठाणे अशीच आहे, आणि नवरात्रात तिथे दर्शनाला येणाऱ्या बहुतेकांना देवीची कथा लहानपणापासून ठाऊक असते. या कथेत रेणुका आणि जमदग्नी यांच्याइतकीच महत्त्वाची असूनही सहसा दुर्लक्षित राहणारी चार माणसे आहेत, ती म्हणजे परशुरामाचे थोरले भाऊ. एकाच आईच्या पोटी जन्मलेली, एकाच आश्रमात वाढलेली भावंडे कसोटीच्या क्षणी परस्परविरुद्ध का वागतात, हा प्रश्न या चौघांमुळे उभा राहतो. भारतीय कथापरंपरेत तो निरनिराळ्या रूपांनी येत राहिला, आणि गेल्या पन्नास वर्षांत अद्भुत कल्पनाविश्वातल्या भूमिकांच्या खेळांनी तोच प्रश्न, आपल्याकडच्या कथेची ओळख नसताना, नव्याने हाती घेतला.

महाभारताच्या वनपर्वात हा प्रसंग थोडक्यात सांगितला आहे. पाण्यात क्रीडा करणाऱ्या चित्ररथ राजाला पाहून रेणुकेचे मन क्षणभर चळले, हे जमदग्नींनी ओळखले, आणि रुमण्वान, सुषेण, वसू व विश्वावसू या मुलांना त्यांनी एकामागून एक आईचा वध करण्याची आज्ञा केली. चौघांच्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून पित्याच्या शापाने ते पशुपक्ष्यांसारखे जड झाले. धाकट्या परशुरामाने मात्र आज्ञा ऐकताच परशू चालवला, आणि पिता प्रसन्न झाल्यावर आई जिवंत व्हावी, वधाची आठवण तिला राहू नये, त्या पापाचा आपल्याला स्पर्श होऊ नये आणि भाऊ पूर्ववत व्हावेत, असे वर मागून घेतले. लोककथांत चौघे स्पष्ट नकार देतात. मूळ संहितेत ते नुसते गप्प राहतात. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण नकार देणाऱ्याने आपली बाजू निवडलेली असते, तर गप्प राहणाऱ्याला कोणतीच बाजू पेलवलेली नसते, आणि नीतीच्या दृष्टीने ही दोन माणसे एक नव्हेत.

परंपरेने परशुरामाला पितृभक्तीचा आदर्श मानले, आणि आजचा वाचक बहुधा चार भावांच्या बाजूने झुकतो. वस्तुतः या कथेत दोन मोजमापे एकमेकांत गुंतलेली आहेत. माणूस नियम आणि आज्ञा पाळतो की नाही, हे एक. तो करुणेने वागतो की नाही, हे दुसरे. पहिल्या मापाने परशुराम श्रेष्ठ ठरतो आणि दुसऱ्या मापाने त्याचे भाऊ, त्यामुळे ‘चांगला कोण’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्याला ही कथा उत्तर देत नाही.

हीच कथापरंपरा लोकांपुढे उभी करणारा विधी म्हणजे गोंधळ. परशुरामाने बेटासुर नावाच्या दैत्याला मारून त्याच्या शिरापासून वाद्य केले, ते रेणुकेपुढे वाजवले आणि तिथून गोंधळाची सुरुवात झाली, अशी पारंपरिक समजूत आहे. म्हणजे ज्या हाताने आईवर परशू चालवला, त्याच हाताने तिच्यापुढे पहिले वाद्य वाजवले, असे हे नाते आहे. नगर भागात लग्नकार्यानंतर कुळाचार म्हणून गोंधळ घालणारी घरे अजूनही आहेत. पाटावर कोरे वस्त्र अंथरून त्यावर तांदळाचा चौक भरतात, मध्ये कलश व नारळ मांडतात, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणे लागते, आणि गावोगावच्या देवतांना नावे घेऊन गोंधळाला बोलावले जाते. पुढे आख्यान सुरू झाले की मुख्य गोंधळी एकटाच सगळी पात्रे होतो; मघाशी रागावलेला बाप झालेला माणूस दोन पावले मागे सरून, खांदे पाडून, रडणारी आई होतो, आणि त्याचा साथीदार अधूनमधून भाबडेपणाने प्रश्न विचारून त्याला अडवतो. या साथीदाराकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. ‘मग त्यानं असं का केलं?’ हा त्याचा प्रश्न वरकरणी हशा पिकवण्यासाठी असतो, पण त्यामुळे मुख्य गोंधळ्याला पात्राच्या कृतीचे कारण पात्राच्याच तोंडून द्यावे लागते. पात्राविषयी बोलणे आणि पात्र होऊन बोलणे यांतले अंतर इथेच तुटते.

परस्परविरुद्ध भावंडांची दुसरी जोडी याच जिल्ह्यात घरोघर परिचित आहे. पारनेर तालुक्यातल्या कोरठण खंडोबाला जाणाऱ्या, किंवा चंपाषष्ठीला घरात तळी भरणाऱ्या कुटुंबांना मणी आणि मल्ल हे दैत्यबंधू सांगावे लागत नाहीत. दोघांनीही ऋषींना सारखेच छळले, दोघेही मार्तंडभैरवाशी, म्हणजे खंडोबाशी, लढले. मात्र प्रचलित कथेनुसार पराभवाच्या वेळी मणीने पश्चात्तापाने आपला शुभ्र घोडा देवाला अर्पण केला आणि देवाच्या सान्निध्यात जागा मागितली, तर मल्लाने अखेरपर्यंत जगाचा संहारच मागितला. मणीला पूजेत स्थान मिळाले, आणि मल्लाचे मस्तक भक्तांच्या पायांखाली पायरीला गेले. देवाने मात्र नाव धारण केले ते मल्लाचे. मल्लाचा अरी म्हणून तो मल्हारी. इथे विरोध आयुष्यभराचा नसून शेवटच्या एका मागणीपुरता आहे, आणि म्हणूनच तो परशुरामकथेपेक्षा सोपा आहे.

रामायणातली लंकेची भावंडे या दोहोंच्या पुढे जातात. रावण अधर्माने वागतो, बिभीषण त्याला सोडून रामाकडे जातो, आणि कुंभकर्ण रावणाला त्याची चूक तोंडावर सांगूनही त्याच्याच बाजूने लढून मरतो. या तिसऱ्या भावामुळे जोडीचे त्रिकूट होते आणि न्याय अवघड होतो, कारण बिभीषणाने धर्म राखला पण भाऊ सोडला, तर कुंभकर्णाने भाऊ राखला पण धर्म सोडला. मराठी समाजाने याचा निकाल कधीच पुरता लावलेला नाही. बीड-सोलापूरकडे बिभीषण हे नाव कौतुकाने मुलाला ठेवले जाते, आणि भाऊबंदकीच्या वादात घर फोडणाऱ्यालाही याच नावाने दोष दिला जातो. एकाच नावाला बारशात आणि भांडणात असा दुहेरी मान मिळतो, यातूनच या प्रश्नाचे वजन कळते.

विसाव्या शतकात ही कल्पना कर्णाभोवती एकवटली. १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके आली. त्यांतला ‘युगान्त’चा मार्ग चिकित्सेचा होता, तर सावंतांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण यांना आपापली बाजू प्रथमपुरुषात मांडायला लावली. विशेषतः शोण, म्हणजे कर्णाचा पालक घरातला धाकटा भाऊ, बोलू लागला की रक्ताचे भाऊ एका बाजूला आणि वाढवलेल्या घरातला भाऊ दुसऱ्या बाजूला, अशी कर्णाची खरी कोंडी दिसते. पात्राचा न्यायनिवाडा करण्याआधी त्याला स्वतःच्या आवाजात बोलू देणे, हे या कादंबरीचे मोठे योगदान आहे.

त्यानंतर सातच वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. या खेळात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र घेतो, ते काय बोलते व काय करते हे स्वतः सांगतो, एक सूत्रधार जगाची बाजू सांभाळतो आणि अनिश्चित गोष्टींचा निर्णय फाशांवर होतो. पात्राच्या तक्त्यावर ‘अलाइनमेंट’ नावाची एक नोंद असते. तिला मराठीत नीतिकल म्हणता येईल. आरंभी ती फक्त नियमनिष्ठ, तटस्थ आणि स्वैर अशी तीनच प्रकारची होती, आणि पोल अँडरसन व मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुत कादंबऱ्यांतून ती कल्पना घेतलेली होती. १९७६ साली गायगॅक्स यांनी एका लेखात नियमनिष्ठा व स्वैरता या जोडीला सुष्टता व दुष्टता ही दुसरी जोडी आडवी लावली, आणि १९७८ च्या नियमपुस्तकात त्यांतून नऊ प्रकार सिद्ध झाले. आज्ञापालन म्हणजेच चांगुलपणा नव्हे, ही रेणुकेच्या अंगणात उभी राहिलेली गोष्ट अशा रीतीने एका तक्त्यात मांडली गेली. तक्ता उपयुक्त आहे. तथापि नीतिकल हे माणसाचे लेबल समजले, की खेळाडू विचार करणे थांबवतो आणि ‘माझे पात्र दुष्टच आहे’ एवढ्यावर भागवतो.

या उणिवेवरचा उतारा भावंडांच्या जोडीतच सापडला. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या १९८४ पासूनच्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत रेस्टलिन आणि कॅरामन हे जुळे भाऊ आहेत. एक आजारी, बुद्धिमान आणि सत्तेकडे ओढला जाणारा जादूगार, दुसरा धट्टाकट्टा, मायाळू योद्धा. रेस्टलिनची काळी वाट कॅरामनला दिसते, पण खोकल्याने कासावीस झालेल्या भावासाठी काढा उकळायचे तो थांबवत नाही. शत्रूला मारून प्रश्न संपवता येतो, सोबत्याला वाटेत सोडता येते. भावाचे तसे नसते, आणि विरुद्ध नीतिकलांची भावंडे खेळायला घेणाऱ्या दोघांना हीच अडचण पहिल्याच बैठकीत भेटते. समजा, गावाची वेस पेटवणाऱ्या टोळीत एकीचा भाऊ आहे आणि राखणदारांत ती स्वतः आहे. सूत्रधार तिच्याकडे पाहून विचारतो, ‘बाण सोडतेस का?’ तक्त्यावर ‘सुष्ट, नियमनिष्ठ’ असे लिहिलेले असते, पण उत्तर तक्त्यात मिळत नाही. समोर बसलेला खेळाडू भावाच्या आवाजात तिला लहानपणीच्या नावाने हाक मारतो, आणि तिला बहीण होऊनच उत्तर द्यावे लागते. गोंधळ्याचा साथीदार जे काम करतो, तेच इथे सूत्रधाराचा प्रश्न करतो.

हे ध्यानात घेऊन पुन्हा रेणुकेच्या कथेकडे पाहिले, की परशुरामाच्या वरांतली एक जागा रिकामी दिसते. वधाची आठवण राहू नये, हे त्याने आईसाठी मागितले. भावांसाठी फक्त ते पूर्ववत व्हावेत एवढेच मागितले. वडिलांची आज्ञा आणि आपले गप्प राहणे त्या चौघांना आठवतच राहिले असणार. आई काहीच न घडल्यासारखी आश्रमात वावरत असताना, त्या संध्याकाळी पाच भाऊ समोरासमोर आले तेव्हा रुमण्वान धाकट्याला काय म्हणाला, हे वनपर्व सांगत नाही. ते बोलण्यासाठी कुणाला तरी रुमण्वानाची भूमिका घेऊन चौकात उभे राहावे लागेल.