खिदमत सीमेवरची आणि शहरातली



खंदकच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताची शीर बाणाने तुटली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिदे नबवीतील एका तंबूत ठेवले, म्हणजे जवळून विचारपूस करता यावी. तो तंबू असलम कबिल्यातील हजरत रुफैदा (रजि.) यांचा होता, असे सीरतकार सांगतात. जखमींची शुश्रूषा हे काम या बाईंनी आपण होऊन अंगावर घेतले होते. शहर राखताना जखमी झालेला शिपाई आणि त्याची जखम धुणारी परिचारिका, या दोघांनाही अल्लाहच्या घरात जागा मिळाली.

आपल्या मोहल्ल्यात ही जागा दोघांना सारखी मिळते काय?

फौजेत भरती झालेल्या मुलाचे आपण कौतुक करतो, आणि ते व्हायलाच हवे. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण क्षेत्रात जीपवरील तोफेने शत्रूचे रणगाडे उडवताना शहीद झालेले परमवीर अब्दुल हमीद आपल्या मुलांना ठाऊक असतात. फाळणीच्या वेळी भारतीय सैन्यातच राहिलेले आणि ३ जुलै १९४८ रोजी झांगड येथे प्राण देणारे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मानही ठाऊक असावेत. मात्र ही नावे कोणी निष्ठेवर शंका घेतली की पुराव्यासारखी पुढे करायची, ही आपली सवय मला रुचत नाही. त्यांनी कोणाला पुरावा दिला नव्हता. हाती घेतलेली अमानत शेवटच्या श्वासापर्यंत सांभाळली होती.

पण सरकारी दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या मुलीचे स्थळ आले की हीच आपली घरे कुजबुजू लागतात. रात्री बाहेर राहते, परक्या रुग्णांना हात लावते, एवढ्यावरून सोयरीक मोडते. आपल्याच आईला मध्यरात्री सलाईन लावणारी मुलगी आपल्याला देवदूत वाटते, सून म्हणून मात्र नको असते. नगरपालिकेच्या सफाई कामगाराला तर आपण नावानेही ओळखत नाही. मस्जिदे नबवी झाडणारी एक बाई वारली, तेव्हा सहाबांनी तिला किरकोळ समजून प्रेषितांना (स.) न कळवताच दफन केले. ती दिसेना म्हणून त्यांनी स्वतः चौकशी केली, कळवले का नाही असे विचारले, आणि तिच्या कबरीवर जाऊन जनाजाची नमाज अदा केली.

काही जण म्हणतात, ही सरकारी नोकरी केवळ पोटाची सोय, तिच्यात सवाब कसला? त्यांनी सूरह यूसुफ पुन्हा वाचावी. मिस्रचा बादशहा हजरत यूसुफ (अ.) यांच्या धर्माचा नव्हता. तरीही त्यांनी देशाच्या कोठारांचा कारभार स्वतः मागून घेतला, आणि त्यासाठी आपली दोन लक्षणे सांगितली: आपण जपणूक करणारे आहोत आणि जाणकार आहोत. पुढे सात वर्षांचा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी राखलेल्या धान्यावर सारी प्रजा जगली. आजच्या भाषेत तो पुरवठा खात्याचा कारभार होता, आणि तो एका पैगंबराने केला.

म्हणून तहसील कचेरीतल्या खुर्चीवर बसलेल्या आपल्या भावाला एक गोष्ट ऐकवणे भाग आहे. जकात गोळा करून परतलेल्या एका अंमलदाराने, हा माल तुमचा आणि हा मला भेट मिळालेला, असा हिशेब मांडला. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि त्यांनी सर्वांसमोर विचारले, हा माणूस आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालून आली असती काय? विधवेच्या पेन्शनची फाईल चहापाण्यासाठी अडवणाऱ्याने छातीवर तिरंगा लावला, तरी हा प्रश्न त्याला चुकणार नाही.

येत्या २६ जानेवारीला आपल्या मदरशात झेंडावंदन होईल, निवृत्त सुभेदारांना शाल दिली जाईल. या वेळी आणखी दोन शाली आणा: एक मोहल्ल्यातील परिचारिकेसाठी, दुसरी पहाटे आपली गल्ली झाडणाऱ्यासाठी, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आणि त्याचे नाव आधी विचारून ठेवा.